बांधापलीकडची बाभळ

मला प्रवासात झोप येते. काहींना खिडकी लागते, काहींना वर्तमानपत्र लागतं, मला नुसती गाडीची घरघर पुरते. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या या फेरीत मी काय उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि काय पेंगत पेंगत, याची हमी मी देणार नाही. शेवटचा भाग मात्र टक्क जागेपणी पाहिलाय.

गुहागरच्या शाळेत मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, मी परजीवी वनस्पतींच्या नादी लागलो. दुसऱ्याच्या मुळाला नाहीतर फांदीला तोंड लावून आयतं पिणारी ही मंडळी मला फार आवडतात. आमच्या हापूसवरचं बांडगूळ काढायला मी माणूस बोलावतो आणि तो कोयती घेऊन वर चढला की माझंच काळीज हलतं. म्हणून मी पिशवी भरायला घेतली तेव्हा बायको म्हणाली, "निघालात वाटतं नातेवाइकांना भेटायला!"

खरं तर या वेळी ती तिच्या नातेवाइकांकडे मला धाडत होती. शैला मूळची कराडची. तिची थोरली बहीण, सुमनआक्का, तासगावजवळच्या एका गावात दिली आहे. आक्काच्या रानात तिच्या सासूनं वाढवलेलं चंदनाचं झाड आहे. ते उन्हाळ्यापासून वाळत चाललंय आणि झाडाकडे बघत बघत घरचा माणूसही वाळतोय, असा आक्काचा फोन आला होता.

चंदनही अर्धं परजीवीच. पानांत स्वतःचं अन्न शिजवतं, पण पाणी आणि क्षार शेजारच्या झाडाच्या मुळांतून ओढतं. शेजारी कोणी नसेल तर देवाच्या कपाळी लागणारं हे झाड खुरटून मरतं. मी फोनवर पहिलं तेच विचारलं, "जवळ दुसरं झाड आहे ना?"

"हाय की. बाबळ हाय मोप मोठी," आक्का म्हणाली.

मग दुखणं वेगळंच असणार. शैलाचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटाच निघालो. वाटेत कास बघून घ्यायचं असं मनात ठरवलं होतं, ते शैलाला सांगितलं नाही आणि तिनंही ओळखून विचारलं नाही.

कास

भाद्रपद संपत आला होता, पितृपंधरवडा चालू होता. साताऱ्याहून वर गेलो तर पठारावर ढग बसलेला. पुढच्या माणसाची छत्री दिसायची, माणूस दिसायचा नाही. मध्येच वारा यायचा, ढग थोडा सरकायचा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पार कड्यापर्यंत पसरलेला दिसायचा. पुन्हा सगळं पांढरं. आमच्याकडे समुद्रावर धुकं येतं तेव्हा निदान लाटांचा आवाज असतो. इथं काहीच नव्हतं. स्वतःच्या चपलेचा आवाजसुद्धा ओल्या गवतात मुरून जात होता.

फुलं तुडवू नयेत म्हणून जवळच्या गावांतल्या बाया तिथं लक्ष ठेवतात. त्यांतल्या एक रखमाबाई, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी, माझ्याबरोबर चालत होत्या. खडकाच्या खोलगट भागात मला तुतारी दिसली. लांब दांडीची, पांढरी, नाजूक फुलं. मला राहवलं नाही. मी रखमाबाईंना म्हटलं, "ही दिसते साधी, पण चोर आहे बरं का. खाली हिची मुळं गवताच्या मुळांना चिकटलेली असतात. गवताचं पाणी पिते."

त्या वाकल्या, फुलाकडे बघितलं, गवताकडे बघितलं. "मग गवत काय म्हनतंय?"

"गवत काय म्हणणार?"

"न्हवं, त्यानं तुमच्याकडं गाऱ्हानं घातलं न्हाई ना? मग तुमी कशापायी त्याचं भांडान भांडताय?" एवढं बोलून त्या पुढच्या कोणावर तरी ओरडल्या, "ओ भाऊ, पाय!"

मी एका दगडावर बसलो. ढग अंगावरून जात होता. खालच्या वीतभर मातीत कोणाचं मूळ कोणाच्या मुळाला धरून असेल, कोण देत असेल, कोण घेत असेल, या विचारात डोळे मिटले. मला वाटलं, सगळं पठार खालून एकमेकांचे हात धरून उभं आहे आणि वर मात्र प्रत्येक फूल आपण एकटंच उगवलो असं दाखवतंय. किती वेळ गेला कोण जाणे. रखमाबाईंनी काठीनं दगड वाजवला. "आवं, निजताय काय हितं? सर्दी व्हईल. खाली जावा, च्या घ्या."

खाली टपरीत चहाबरोबर गरम कांदाभजी मिळाली. साताऱ्यात मुक्कामाला आलो तेव्हा कंदी पेढे घेतले, त्यातले काही तासगावपर्यंत पोहोचले.

झोपेत सांगली

सकाळच्या एस.टी.त माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीचे एक शेतकरी होते. मी झाडाझुडपांचा माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी उसातल्या टारफुल्याची गोष्ट काढली. "बारकं पांढरं फूल असतंय. देवाला व्हावावं असं. पर ते वर दिसलं म्हंजे खाली उसाचा घोट घिऊन झाल्याला असतोय. निम्मा ऊस हुबा वाळतोय. तुमच्या कोकनात हाय का?"

"आमच्याकडे ऊसच नाही," मी म्हणालो.

"मग तुमी काय खाताय?" ते खरंच काळजीनं म्हणाले. आम्ही घाटावरच्यांना जेवढं गरीब समजतो, त्यापेक्षा ते आम्हाला जास्त गरीब समजतात, हे मला लग्नापासून माहीत आहे.

खिडकीबाहेर उसाची हिरवी भिंत सरकत राहिली आणि मी गेलो. जागा झालो तर कंडक्टर खांदा हलवत होता, "काका, सांगली आली. उतरा." तासगावचा फाटा केव्हाच मागे पडला होता. मग काय, सांगलीत आलोच आहे तर म्हणून भडंग घेतलं, कृष्णेच्या घाटावर बसून खाल्लं. पाणी गढूळ आणि संथ होतं. एक म्हैस पाण्यात बसली होती आणि तिच्या पाठीवरचा बगळा गोचिडी टिपत होता. गोचीड म्हशीवर, बगळा गोचिडीवर, म्हैस डोळे मिटून. तिच्याइतका निवांत प्राणी मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही, स्वतःला सोडून.

दुपार कलताना तासगावची गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, छाटणीची वाट बघणारे. काळी माती आणि एवढं मोठं आभाळ बघितलं की कोकणातल्या माणसाला उगाच उघडं पडल्यासारखं वाटतं.

वस्ती

आक्काचं घर गावात नाही, रानातल्या वस्तीवर आहे. साडूभाऊंना सगळे सुभेदार म्हणतात. ऐन उमेद त्यांनी सरहद्दीवर घालवली, आता निवृत्त होऊन रान बघतात. ताठ पाठ, पिळलेल्या मिशा. मला बघून म्हणाले, "या पावणं. सकाळच्या गाडीची माणसं संध्याकाळी पोचली. रस्त्यात लढाई झाली का?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी तो उघडून बघितला आणि मिशीत हसले.

आक्कानं ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढली. सुभेदार जेवून बाहेर गेले, तेव्हा ती चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलली. बांधापलीकडे जे कौलारू घर दिसतं ते बापूंचं, सुभेदारांच्या धाकट्या भावाचं. सुभेदार नोकरीत असताना सगळं रान बापूंनीच कसलं, आईची दुखणीखुपणी त्यांनीच काढली. सुभेदार परत आले आणि वर्षभरात वाटणी झाली.

"वाटनीला माझं काय न्हाई," आक्का म्हणाली. "समद्यांच्याच हुत्यात. पर ह्येंनी चार मानसांत तोंड सोडलं. म्हनले, मी बर्फात हुबा ऱ्हायलो आन तू माझ्या पगारावर बांडगुळावानी वाढलास. भावजी उठलं आन गेलं. तवापास्नं बांध वलांडला न्हाई कुनी."

बांध असा पडला की आईचं चंदन सुभेदारांच्या वाट्याला आलं आणि त्याच्या शेजारची बाभळ बापूंच्या. बाभळ आपल्या चंदनाचं पाणी ओढते, सावली टाकते, असा सुभेदारांचा ग्रह झाला. ती पाड म्हणून त्यांनी गावातल्या लोकांकरवी निरोप धाडायला सुरुवात केली.

"आन आता भावजी हो म्हनल्यात," आक्का म्हणाली. "म्हनले, आई त्या बाबळीखाली बसायची, तिचा म्हाळ व्हऊ द्या, मग पाडतो. परवा म्हाळ हाय. मशीनवाल्याला सांगूनबी ठिवलंय. पर दाजी, तुमी चंदनाला वाचवा. ते गेलं तर ह्ये माझ्या हाताला लागनार न्हाईत. आईच्या माघारी तेवढंच धरून बसल्यात."

म्हाळ म्हणजे पितृपंधरवड्यातलं श्राद्धाचं जेवण. आजवर आईचा म्हाळ थोरल्याकडे एकत्र व्हायचा. या वर्षी पहिल्यांदा दोन घरी दोन चुली पेटणार होत्या.

चर

सकाळी चंदन बघितलं. माणसाच्या दीडदोनपट उंचीचं, सडसडीत झाड. पानं पिवळी, शेंड्याच्या फांद्या बोडक्या. खोडाला कीड नाही, बुंध्याशी बुरशी नाही. सुभेदारांनी शेणखत घातलं होतं, आळं केलं होतं, भोवती एक तण शिल्लक ठेवलं नव्हतं. परेड ग्राउंडसारखी जमीन स्वच्छ. पलीकडे बाभळ होती, रुंद, काळ्या सालीची, पिवळ्या गोंड्यांनी भरलेली. तिच्यावर पाखरांचा नुसता कलकलाट. आणि दोघांच्या मधून, बांधाच्या कडेनं, कमरेइतका खोल चर.

"ह्यो उन्हाळ्यात जेसीबीनं मारला," सुभेदार म्हणाले. "बाबळीच्या मुळ्या हिकडं येत हुत्या. तोडून टाकल्या समद्या. तरीबी झाड वाळतंयच."

आमच्याकडे हद्दीला दगडी गडगा असतो आणि भांडण गडग्याच्या वर होतं. इथं ते जमिनीखाली जातं, हे मला नवीन होतं. झाडामुळे पीक खुरटतं म्हणून बांधाला चर मारायची पद्धत या भागात सर्रास आहे आणि एरवी ती चुकीचीही नाही.

दुपारी जेवण अंगावर आलं. घोंगडी घेऊन मी चंदनाखाली आडवा झालो. विरळ पानांतून ऊन तोंडावर येत होतं म्हणून कुशीवर वळलो, तर डोळ्यांसमोर चराची भिंत. अर्धवट झोपेत मी ती बघत होतो. माती, खडा, मुळी, माती. मला वाटत होतं मी अजून कासलाच आहे आणि पठार कोणीतरी कापून आतलं दाखवतंय. एक जाड काळं मूळ, तोडलेलं, वाळून कोळसा झालेलं. त्याच्यावर बारीक फिकट मुळ्या येऊन टेकलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चपटी गाठ, काळ्या मुळाला घट्ट धरून बसलेली.

मी उठून बसलो. चरात उतरलो. अशा गाठी जागोजाग होत्या. फिकट मुळ्या चंदनाच्या, काळी मुळं बाभळीची. चंदन एवढी वर्षं त्या बटणांतून बाभळीचं पाणी पीत होतं आणि मायेपोटी सुभेदारांनी त्याची नळीच तोडली होती. आता उरलेली बाभळही उद्या पडणार होती. भोवतालचं तणसुद्धा काढून टाकल्यामुळे बिचाऱ्याला टेकायला दुसरं कोणी नव्हतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. चंदनाचंही शोधू नये असं त्या घटकेला मला वाटलं. कारण हे सांगायचं कोणाला, तर सुभेदारांना. आणि पाहुण्यानं घरच्या भांडणात पडू नये, हे मी हळदीच्या अंगाचा असतानाच मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. पण झाड मरत होतं. मी त्यांना हाक मारली.

ते चरात उतरले, चष्मा पुसून घातला, बोटानं एक गाठ चाचपली. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे आईचं चंदन बापूच्या बाबळीचं खात हुतं."

"खात म्हणजे, आपलंही कमावतं. पण पाणी तिचं."

"चोरून?"

मला रखमाबाई आठवल्या. "बाभळीनं कधी गाऱ्हाणं घातलेलं दिसत नाही," मी म्हणालो. "चांगली फोफावलीय."

त्यांनी वर बाभळीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी म्हटलं, चर बुजवू, भोवती तुरीसारखं काहीतरी लावू, म्हणजे मुळांना आधार होईल. आणि मुख्य म्हणजे बाभळ पाडू देऊ नका. ती राहिली तर तिची नवी मुळं परत इकडे येतील.

"न्हाई," ते म्हणाले. "चार मानसांत मी बोललोय. आता कुठल्या तोंडानं जाऊ? पाडू दे. माझं झाड जगायचं आसंल तर आपल्या हिमतीवर जगंल. आन बापूला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई, पावणं. शपथ हाय."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

म्हाळ

दुसऱ्या दिवशी बांधाच्या दोन्ही बाजूंना धूर निघाला. दोन्हीकडे वड्यांचा वास आणि तो एकमेकांत मिसळून कुठला कोणाचा हे कळत नव्हतं. गव्हाची खीर, वडे, आमटी, भोपळा, गवार, कारलं. आमच्याकडे खिरीत तांदूळ असतात, पण या गव्हाच्या खिरीपुढे ते पाणचट वाटतील हे मी शैलाला सांगणार नाही.

सुभेदारांनी छपरावर घास ठेवला. एक कावळा आला, वडा उचलला आणि सरळ उडून पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. आक्कानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

भाऊबंद पंगतीला बसले. पलीकडची पंगत आधीच उठली होती. सुभेदारांनी खिरीत वडा बुडवला आणि तेवढ्यात तिकडून मशीनची करवत सुरू झाली. आधी नुसती घुरघुर, मग चढत गेलेला आवाज. सुभेदारांचा हात ताटातच थांबला. मी खाली बघून बसलो. शपथ घातली होती.

आणि ते उठले. तसेच, उष्ट्या हातानं, अनवाणी, धोतराचा सोगा सुटलेला. "बापूऽऽ!" असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आम्ही सगळे मागे धावलो. सुभेदारांनी चरावरून उडी टाकली, पण ते वय उडीचं नव्हतं. धाडकन आत पडले.

करवत थांबली. पलीकडच्या काठावर बापू आले. भावाचाच चेहरा, फक्त मिशी नाही आणि उन्हानं जास्त रापलेला. त्यांनी वाकून हात दिला. सुभेदारांनी तो उष्ट्या हातानंच धरला. बापूंनी त्यांना आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"लागलं का रं दादा?"

"बाबळ पाडू नगं."

"तूच म्हनला हुतास की. तुझ्यासाठनंच पाडतुया."

"म्हनलो हुतो. चुकलं माझं." सुभेदारांना धाप लागली होती. "चंदन तिच्या जिवावर जगत हुतं. ह्ये पावणं दावतील तुला. मी चर मारला आन त्याचं पानी तोडलं. बापू, हितनं तिथनं समदं तुझ्याच बाबळीचं पानी हुतं रं."

बापू चराकडे बघून म्हणाले, "आन तू मला बांडगूळ म्हनलास." त्यात राग नव्हता. इतके दिवस खिशात ठेवलेली वस्तू काढून दाखवावी तसं ते बोलले.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "म्हनलो." आणि त्यांना रडू आलं, चार माणसांत. तीच चार माणसं होती बहुतेक.

बापूंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटांना खीर, वर माती. "आईच्या म्हाळाच्या ताटावरनं उठलास व्हय? उठू न्हाई तसं." त्यांनी मागे वळून हाक दिली, "आगं, ताट वाढ दादाला. अर्ध्यावरनं उठलाय."

बाभळीखालीच घोंगडं अंथरलं. बुंध्याला करवतीची बोटभर खाच पडली होती, तिच्यातून पाणी पाझरत होतं. सुभेदार खाली मान घालून जेवले. मशीनवालाही जेवला, खिरीची दुसरी वाटी मागून. मी आमच्या पंगतीतलं ताट टाकून तिथं बसलो आणि मला कुणी काही म्हणेल तर म्हणो, दोन्हीकडचे वडे खाल्ले.

घरी

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून चर बुजवला, मी तुरीची रोपं कुठं लावायची ते दाखवलं आणि परतीच्या गाडीत बसलो. कुंभार्ली घाट झोपेतच उतरलो.

परवा आक्काचा फोन आला. चंदनाचं विचारलं. पानगळ थांबल्यासारखी वाटते म्हणाली, पण पालवी अजून नाही. जगेल की नाही मलाही सांगता येत नाही. मी म्हटलं, सुभेदार काय करतायत?

"त्ये असत्यात व्हय घरात?" आक्का म्हणाली. "आयका."

तिनं फोन बाहेर नेला असावा. वाऱ्याचा आवाज आला, पाखरांचा आला, मग बादली ठेवल्याचा. आणि लांबून बापूंचा हसण्याचा आवाज, "आरं दादा, बाबळीला कुनी पानी घालतं व्हय?"

सुभेदार काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पाणी ओतल्याचं तेवढं ऐकू आलं.